विहीर खारी पण नितळ, तळं गोड पण गढूळ

"दादा, आमचं शेत दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. तीन वर्षांपूर्वी ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं खोदलं. प्लास्टिक टाकलेलं नाही. पाणी टिकतं चांगलं, मार्चपर्यंत पुरतं. पण पहिल्या पावसात जे गढूळ होतं ते आटेपर्यंत गढूळच, अगदी दुधाच्या चहासारखं. दिराने दिवाळीआधी ५ किलो तुरटी टाकली, काही फरक नाही. शेजारचे म्हणतात चुना टाका, मामेभाऊ म्हणतो प्लास्टिक अंथरा. सासरे म्हणतात, 'गढूय असलं तं काय झालं, गोड तं हाये ना!' आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं, पण दिसायला काचेसारखं. तळ्यात ऑगस्टमध्ये कटला, रोहू, मृगल मिळून दीड हजार बोटुकली सोडलीत. हरभरा तुषारवर आहे. वीस गुंठे भाजीपाला ठिबकवर आहे, त्याचा फिल्टर रोज धुवावा लागतो. सध्या तळ्यात साधारण दोन मीटर पाणी आहे. ते निवळेल असं काही सांगा."
– एक शेतकरीण, जि. अमरावती

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, आणि सगळं उत्तर त्यातच आहे. विहिरीचं पाणी खारं पण काचेसारखं, तळ्याचं गोड पण गढूळ. खारपाणपट्ट्याबाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल. त्याच्या मते खारं पाणी म्हणजे खराब, आणि खराब पाणी दिसायलाही खराबच असणार. तुमच्याकडे मात्र असंच असायला हवं. ते का, हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की तुरटी, चुना, प्लास्टिक यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल. म्हणून औषध नंतर सांगतो, आधी दोन पेले घ्या.

काचेचे, पारदर्शक. एकात विहिरीचं खारं पाणी भरा. दुसऱ्यात पावसाचं पाणी हवं होतं, पण आता ते कुठून आणणार? घरी प्यायच्या पाण्याचा कॅन येत असेल तर त्यातलं चालेल, ते आरओचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. आता तळ्याच्या बांधावरून वाळलेलं, वाटाण्याएवढं ढेकूळ उचला. त्याचे दोन तुकडे करून दोन्ही पेल्यांत एकेक अलगद सोडा. ढवळायचं नाही, पेला हलवायचा नाही, पोरांना हात लावू द्यायचा नाही. दोन तासांनी बघा.

दोन्ही पेल्यांत ढेकूळ फुटून त्याचा चुरा झालेला असेल. त्याला फसू नका, काळी माती पाण्यात पडली की फुटतेच. बघायचं ते चुऱ्याच्या भोवती. विहिरीच्या पाण्यात चुरा तळाशी गुमान बसलेला असेल आणि वरचं पाणी नितळ असेल. कॅनच्या पाण्यात चुऱ्याभोवती दुधाळ ढग उठलेला असेल, तळाशी धुकं पसरावं तसा. रात्रभर ठेवलात तर तो ढग पेलाभर होईल. माती तीच, हात लावलेला नाही, फक्त पाणी गोड. तुमच्या तळ्यात तीन वर्षं हेच चाललंय, फक्त पेला ३० मीटरचा आहे.

आता कारण. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा आहे, त्याच्या मातीत सोडियम मुरलेलं आहे. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत असतात. कणांना कॅल्शियम चिकटलेलं असेल तर ही ढकलाढकली आटोक्यात राहते आणि कण एकत्र येऊन गठ्ठे होतात. सोडियम चिकटलेलं असेल तर कण सुटे सुटेच राहतात. मात्र पाण्यातच भरपूर मीठ असेल तर सोडियमवाले कणही एकमेकांना धरतात आणि खाली बसतात. तुमच्या विहिरीत हे होतं. नदी समुद्राला मिळते तिथे खाडीत गाळ बसतो, त्यातही याचा मोठा हात असतो. पावसाचं पाणी मात्र बिनमिठाचं. ते सोडियमच्या मातीवर पडलं की कण मोकळे होतात आणि पाण्यात तरंगत राहतात.

किती काळ तरंगतात त्याचाही हिशेब आहे. चिकणमातीचा कण म्हणजे २ मायक्रॉनपेक्षा बारीक. बरोबर २ मायक्रॉनचा कण स्तब्ध पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला साधारण ८ तास घेतो. म्हणजे तुमच्या दोन मीटर पाण्यात त्याला आठवडा लागेल. कण त्याच्या दहापट बारीक असला तर वेळ शंभरपट, पावणेदोन वर्षांच्या आसपास. आणि तुमचं तळं मार्चमध्ये आटतं. "बसेल आपोआप" म्हणणारे चुकत नाहीत, त्यांना फक्त धीर जास्त आहे.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. प्लास्टिक न टाकता तुमचं पाणी मार्चपर्यंत टिकतं ना? शेजारच्या तालुक्यांत मुरमात खोदलेली शेततळी दिवाळीतच कोरडी पडलेली मी पाहिली आहेत. तुमचं टिकतं, कारण हेच सुटे बारीक कण तळाच्या बारीक भेगांत, छिद्रांत जाऊन बसतात आणि तळ लिंपून टाकतात. गळकं तळं बंद करायला काही ठिकाणी मुद्दाम सोडियमचे क्षार मातीत मिसळतात. तुम्हाला ते निसर्गाने फुकट करून दिलंय. म्हणजे जे पाणी गढूळ ठेवतंय तेच पाणी राखतंय. म्हणून सगळं तळं काचेसारखं करण्याच्या मागे लागू नका. कशासाठी किती निवळ पाणी हवं ते ठरवा आणि तेवढंच करा. तळाला हात लावू नका.

तुमच्या गरजा तीन. हरभऱ्याच्या तुषारला या गढूळपणाने काहीही होत नाही, तो विषय सोडून द्या.

ठिबकचा फिल्टर रोज धुवावा लागतो, याचा दोष तुम्ही चहाच्या रंगाला देताय. ते खरं नाही. ठिबकच्या जाळीच्या किंवा चकत्यांच्या फिल्टरची छिद्रं साधारण १३० मायक्रॉनची असतात. २ मायक्रॉनचा कण त्यातून बैलगाडी वेशीतून जावी तसा निघून जातो. फिल्टर भरतो तो तळाच्या जाड गाळाने, कुजक्या पाल्याने आणि शेवाळाच्या बुळबुळीत थराने. आता मला सांगा, मोटरीच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे आपला 'फुटबॉल', कुठे आहे? माझी पैज आहे, तो तळाला टेकलेला असेल. शंभरातल्या नव्वद तळ्यांत तो तिथेच असतो, कारण पाणी आटत गेलं तरी मोटर चालावी अशी सोय. एक रिकामं, घट्ट बंद केलेलं प्लास्टिकचं पिंप घ्या, त्याला फुटबॉल दोरीने असा टांगा की तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली हात-दीड हात राहील. पाइप त्या बाजूला लवचिक हवा. पाणी उतरेल तसं पिंप उतरेल आणि फुटबॉलही. पाणी अर्ध्या मीटरवर आलं की थांबा, खालचं ओढू नका. या एका कामाने फिल्टर धुणं रोजचं आठवड्यावर आलेलं मी पाहिलंय, खर्च दोरीचा.

तरी बारीक माती फिल्टरमधून पुढे जाणारच, आणि नळ्यांच्या शेवटाला जिथे पाणी मंद होतं तिथे बसणार. म्हणून आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा. लाल-काळं पाणी येऊन स्वच्छ धार लागेपर्यंत. हायड्रोसायक्लोन घ्या असं कुणी दुकानदार सांगेल तर घेऊ नका. तो वाळू काढतो, चिकणमाती नाही. तुमच्या तळ्यात वाळू आहेच कुठे?

तिसरी गरज माशांची. इथे मात्र थोडं निवळायला हवं. कटला वरच्या थरात हिरवं-तपकिरी प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातो, आणि ऊन पाण्यात शिरलं तरच ते होतं. मोजायची सोपी रीत अशी : सकाळी दहाच्या सुमाराला तळ्याच्या कडेला बसून हात सरळ पाण्यात घाला, तळवा पसरून. तळवा कोपराच्या थोडं आधी दिसेनासा झाला, म्हणजे ३० ते ४० सेंटिमीटरवर, तर पाणी माशांसाठी उत्तम. मनगट बुडायच्या आत तळवा गायब होत असेल तर जास्तच गढूळ. आणि तळवा कोपर बुडल्यावरही स्पष्ट दिसत असेल तर ते जास्तच निवळ, मग तळापर्यंत ऊन जाऊन शेवाळ आणि पाणगवत माजेल आणि पुढच्या वर्षी तुम्ही मला त्याचं पत्र पाठवाल. एक लक्षात घ्या, हिरवट पाणी म्हणजे गढूळ नव्हे. हिरवट पाणी ही माशांची चटणी-भाकरी.

बाकी दीड हजार बोटुकली तुमच्या तळ्याला दाटीच झाली. ३० बाय ३० ला नऊशेच्या आसपास पुरेत. मृगल तळ उकरतो, त्यामुळे थोडा गाळ त्याच्याही नावावर. पुढच्या वर्षी मृगल कमी करा, सायप्रिनस (कॉमन कार्प) तर घालूच नका. तो डुकरासारखा बांध खणतो. म्हशी डुंबायला उतरत असतील तर त्यांना वेगळं टाकं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण वऱ्हाडातलं तळं आणि त्यात म्हैस नाही, हे मला पटायला जड जातं.

आता औषधाकडे. तळ्यात काही टाकण्याआधी बाटल्यांत टाकून बघायचं. एक लिटरच्या पाच पारदर्शक बाटल्या, तळ्याच्या मधल्या थरातल्या पाण्याने भरलेल्या. पहिलीत काही नाही, ती तशीच राहू द्या. ती तीन दिवसांत आपोआप निवळली तर माझं वरचं सगळं पुराण चुकलं, तुमच्या तळ्याला रोग नाही, कुणीतरी ढवळतंय, म्हैस नाहीतर मासा. पण ती निवळणार नाही, असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतं.

सोनाराकडे जाऊन १० ग्रॅम तुरटीची पूड आणि २ ग्रॅम जिप्समची पूड तोलून आणा. सोनार हसेल, हसू द्या. तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा, जिप्सम दुसऱ्या एक लिटरमध्ये. त्याला विरघळायला वेळ लागतो, तासभर अधूनमधून हलवत राहा. औषधाच्या दुकानातून ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या. तुरटीच्या पाण्यातलं १ मिली म्हणजे १० मिलिग्रॅम. दुसऱ्या बाटलीत २ मिली घाला, तिसरीत ३ मिली. जिप्समच्या पाण्यासाठी चौथ्या आणि पाचव्या बाटलीतून तेवढं पाणी आधी ओतून काढा. मग चौथीत ५० मिली, पाचवीत १०० मिली घाला. बाटल्या हळू उलट्यासुलट्या करा आणि खिडकीत ठेवा.

तुरटीच्या बाटलीत थोड्याच वेळात पाणी 'फाटेल'. दुसरा शब्द मला सुचत नाही. दुधात लिंबू पिळल्यावर होतं तसे बारीक चोथे दिसू लागतील, ते हळूहळू मोठे होतील आणि वरचं पाणी मोकळं होईल. जिप्समच्या बाटलीत हेच होईल पण सावकाश. संध्याकाळी बघून नाक मुरडू नका, दोन दिवस थांबा. ज्या बाटलीत सगळ्यात कमी मात्रेत पाणी निवळलं ती तुमची मात्रा.

दिराच्या ५ किलोंचं काय झालं ते आता सांगतो. तुमच्या मापाचं तळं १:१ उताराचं, म्हणजे मीटरभर खोलीला काठ मीटरभर आत, धरलं तर तळाला २४ बाय २४ मीटर उरतं आणि काठोकाठ २१९६ घनमीटर पाणी मावतं. सध्या दोन मीटर पाणी आहे म्हणजे सुमारे १३५० घनमीटर, साडेतेरा लाख लिटर. ५ किलो तुरटी त्यात वाटली तर घनमीटरला पावणेचार ग्रॅमसुद्धा येत नाही. परिणाम दिसायला साधारण २० ग्रॅम तरी लागतात. म्हणजे २७ किलो. दिराची कृती बरोबर होती, पण मीठ चिमूटभर आणि पातेलं लग्नाचं.

मग २७ किलो आणून टाका असं मी म्हणेन असं वाटलं असेल. नाही म्हणत. एक तर तुरटी पाण्याला आंबट करते आणि पाण्याची आम्लता झेलायची ताकद खाते. तुमच्या चुनखडीच्या भागात ती ताकद बऱ्यापैकी असते, पण मासे आहेत तिथे अंदाजाने चालत नाही. दुसरं, तुरटीचा गुण त्या पाण्यापुरता. पुढच्या पावसात नवी माती आली की पुन्हा पहिल्यापासून. आणि तिसरं, मी स्वतः हे करून बसलोय. नोकरीत होतो तेव्हा माझ्या भावाच्या तळ्यात हा शहाणपणा केला होता. आधी तुरटीचे खडे पोत्यात घालून एका कोपऱ्यात टांगले, माठात फिरवतात त्याच धर्तीवर. दोन दिवस काही दिसेना. मग चिडून सगळे खडे कुटले आणि भर दुपारी त्याच कोपऱ्यात रिकामे केले. संध्याकाळपर्यंत तेवढा कोपरा नितळ झाला, इतका की तळाशी उलटे पडलेले रोहू वरून मोजता येत होते. भाऊ काही बोलला नाही. वहिनी अजून बोलते.

तुमच्यासाठी जिप्सम. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतं, म्हणजे रोगाच्या मुळाशी जातं. ते पाण्याला आंबट करत नाही. दिसायला धीमं, टिकायला चांगलं. शिवाय ते पाणी शेवटी तुमच्याच चोपण शेतात जाणार. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला जिप्समचा सल्ला अकोल्याचं कृषी विद्यापीठ काही आजपासून देत नाही, आधीपासूनच देत आलंय! म्हणजे तळ्यात टाकलेला पैसा शेतात वसूल.

मात्रा घनमीटरला १०० ते २०० ग्रॅम. तुमच्या आजच्या पाण्याला १३५ ते २७० किलो, ५० किलोंच्या तीन ते सहा गोण्या. तुमच्या चौथ्या बाटलीने काम केलं तर तीनच आणा. बाटल्यांनी काहीही सांगितलं तरी एकदम सगळं टाकू नका. आधी निम्मं, आठ दिवस थांबा, कोपर-तळव्याची परीक्षा करा, मगच उरलेलं. हवा तितका तळवा दिसला तर उरलेली गोणी बांधासाठी ठेवा.

गोणी नुसती ओतलीत तर जिप्सम दगडासारखं तळाशी जाऊन बसेल, पैसे पाण्यात म्हणतात तसं अक्षरशः. मोठ्या पिंपात दहा-पंधरा किलो पूड पाण्यात ढवळून पातळ खीर करा. मोटर सुरू करून तळ्याचंच पाणी तळ्यात परत सोडा आणि त्या धारेत ही खीर तांब्या-तांब्याने घाला. पाइपाचं तोंड दर थोड्या वेळाने फिरवा. वारा पडलेला असताना, सकाळी. ढगाळ दिवस असेल आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी काही करू नका. आदल्या दिवशी एक चाचणी करा : बादलीत तळ्याचं पाणी, ठरलेल्या मात्रेचं जिप्सम, त्यात चार-पाच बोटुकली, रात्रभर. सकाळी ती धडधाकट असली तर पुढे चला. आणि हे काम एकट्या माणसाने करायचं नाही. काठ ओला असतो, काळी माती साबणासारखी. पोहता येणारा एक जण आणि खुंटाला बांधलेला दोर हाताशी हवाच.

जिप्सम टाकल्यावर एक काठी तळ्यात रोवून पाण्याची खूण करत राहा. वर सांगितलं तसं, सोडियम हटलं की तळाचं लिंपण थोडं सैल होऊ शकतं. पाणी नेहमीपेक्षा झपाट्याने उतरतंय असं वाटलं तर दुसरा हप्ता टाकूच नका. आणि एप्रिलमध्ये तळं कोरडं पडल्यावर तळात जिप्सम पसरायचा मोह आवरा, त्यासाठी मी खास सांगतोय. पसरायचं ते बांधावर, आतल्या उतारावर पाण्याच्या वरच्या भागात, आणि वरच्या शेतात.

इतरांच्या सल्ल्यांचं थोडक्यात. चुना नको. चोपण मातीचा सामू (पीएच) आधीच साडेआठच्या वर, चुन्याने तो आणखी चढेल आणि कळीचा चुना तर मासेच मारेल. चुना आम्लधर्मी लाल मातीच्या तळ्यांना शोभतो, कोकणात. खारं पाणी टाकून तळं निवळवायची कल्पना कुणालातरी सुचेलच, वरचा पेल्याचा प्रयोग पाहून तर नक्कीच. निवळेल खरं, पण त्यासाठी इतकं खारं पाणी ओतावं लागेल की गोड पाण्यासाठी खोदलेलं तळं पुन्हा विहीर होऊन बसेल. कुटार, शेणखत टाकून पाणी निवळतं, ही जुनी रीतही खरी आहे, पण कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातं. मासे असताना नको. निवळीच्या आणि शेवग्याच्या बिया माठापुरत्या छान, साडेतेरा लाख लिटरला किती शेवगे लागतील याचा हिशेब मी करून तुम्हाला घाबरवत नाही. प्लास्टिक अंथरलं तर गढूळपणा बराच जाईल हे मामेभावाचं बरोबर. पण तुमचं तळं गळत नसताना तो खर्च कशाला? आणि अस्तर टाकलेल्या तळ्यात घसरलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. घरात लहान मुलं असतील तर हे आधी मनात घ्या.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं : माती येतेच कुठून. बरीचशी तुमच्या स्वतःच्या बांधाची असते. आतला उतार उघडा असेल, त्यावर पावसाने बोटाएवढ्या ओघळी पाडल्या असतील. नीट बघा, बांधात उंदराच्या बिळासारखी भोकं आहेत का. चोपण माती आतून विरघळत जाते आणि तशी भोकं पडतात. ती दिसली की उकरून, जिप्सम मिसळलेली माती भरून, धुमसून बुजवा, नाहीतर एखाद्या श्रावणात बांध फुटेल. मे महिन्यात बांधाच्या आतल्या-बाहेरच्या उतारावर वरच्या वीतभर मातीत जिप्सम मिसळा आणि पहिल्या पावसाबरोबर गवत लावा. हरळी म्हटलं की कुठलाही शेतकरी अंगावर येतो आणि ते रास्त आहे, ती शेतात शिरली की जन्माची सोबत. मारवेल किंवा पवन्या लावा, म्हशींना चाराही होईल. पाण्याच्या रेषेशी वाळ्याची एक ओळ. १:१ चा उतार काळ्या मातीला उभाच पडतो, कधी दुरुस्तीला यंत्र आलंच तर तो १:१.५ करून घ्या. पाणी थोडं कमी मावेल, पण काठ दरवर्षी ढासळून तळात जाणार नाही.

उरलेली माती आवकेच्या तोंडातून येते. तिथे तळ्याच्या आधी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, मीटरभर खोल खड्डा करा आणि त्यातून तळ्यात उतरणाऱ्या जागी दगड रचा. बारीक कण तिथे थांबणार नाहीत, ते मघाशीच ठरलं, पण जाड गाळ आणि पालापाचोळा थांबेल. खड्डा दर पावसाळ्यात एक-दोनदा उपसायला हवा, नाहीतर तो नुसता देखावा. आणि जून उजाडला की जमिनीच्या भेगा उघड्या असताना पहिल्या एक-दोन जोरदार पावसांचं पाणी सगळ्यात मातकट असतं. जमलं तर तेवढं बाजूने वाहू द्या, मग आवक उघडा. जमलं तर म्हणतोय, कारण पुढचा पाऊस कधी येईल ते खारपाणपट्ट्यात कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि हातचं पाणी सोडा असं सांगणारा मी कोण?

बांधावरची मूठभर माती आणि तळ्याचं लिटरभर पाणी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. मातीचा सामू आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेल्या, सोडियमचं प्रमाण मागा. पुस्तकात १५ टक्क्यांच्या वर चोपण धरतात, पण आपली काळी, फुगणारी माती त्याच्या बरीच आधी बिघडायला लागते, तेव्हा आठ-दहा आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या आकड्यावरून बांधाला जिप्सम किती लागेल ते तिथलेच लोक काढून देतील.

हे पाणी कुणी प्यायला वापरणार असेल तर एवढंच, निवळलेलं म्हणजे शुद्ध नव्हे. मातीबरोबर जंतू सगळे बसत नाहीत. उकळून किंवा क्लोरीन टाकूनच.

पेल्यांचा प्रयोग सासऱ्यांसमोर करा. त्यांचं म्हणणं खोडायला नाही, गोड पाण्याबद्दल ते बोलले तेच मी एवढ्या लांबणीने बोललोय. बाटल्यांचं काय झालं ते कळवा, आणि फुटबॉल तळाला टेकलेला नव्हता असं निघालं तर तेही कळवा, पैज हरल्याचं मान्य करीन.